एका चाचणीची उलटतपासणी

रक्तदान शिबिरात रक्त देऊन आलेल्या एखाद्या तरुणाला काही दिवसांनी रक्तपेढीचा निरोप येतो, ‘एकदा येऊन भेटा.’ तेथे त्याला सांगतात, की तुमच्या रक्ताची हेपॅटायटिस बी या काविळीसाठी केलेली चाचणी ‘रिॲक्टिव्ह’ आली आहे. पिशवी आम्ही बाद केली, तुम्ही पुढची तपासणी करून घ्या. तो घरी पोहोचेपर्यंत त्या एका शब्दाचा अर्थ ‘मला यकृताचा भयंकर रोग झाला आहे’ असा होऊन बसलेला असतो. आई त्याचे ताट-पेला वेगळा ठेवू लागते, ठरत आलेल्या नोकरीचे काय होणार याची वडिलांना काळजी पडते. (ताट वेगळे ठेवण्याचे खरोखर काहीच कारण नसते. हा विषाणू दूषित रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाला जातो. एका पंक्तीला जेवल्याने जात नाही.)

आता गंमत अशी, की ‘रोग आहे’ असे प्रयोगशाळेने कोठेच म्हटलेले नसते. ‘रिॲक्टिव्ह’ याचा सरळ अर्थ एवढाच, की चाचणीच्या नळीत किंवा खळग्यात रंग उमटला. तो विषाणूमुळे उमटला की आणखी कशामुळे, हा प्रश्न अजून उरलेलाच आहे. न्यायालयात एका साक्षीदाराने बोट दाखवले म्हणून कोणी आरोपीला लगेच शिक्षा देत नाही. त्या साक्षीदाराची उलटतपासणी होते. रक्ताच्या चाचणीचीही तशी उलटतपासणी करता येते. ती कशी करतात, आणि ती स्वतः कोठे कोठे फसते, ते आपण पाहू या.

ऑस्ट्रेलियाचे रक्त आणि न्यूयॉर्कचा रुग्ण

या चाचणीचा जन्म काविळीच्या शोधातून झालाच नाही. बारूक ब्लूमबर्ग हे अमेरिकन शास्त्रज्ञ माणसामाणसांच्या रक्तातील प्रथिनांत कोणते आनुवंशिक फरक असतात याचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी जगातल्या अनेक जमातींच्या लोकांचा रक्तरस जमवला होता. (रक्त गोठल्यावर गुठळीवर जो पिवळसर द्रव सुटतो, तो रक्तरस.) त्यांची युक्ती साधी होती. ज्या रुग्णांना पुन्हा पुन्हा दुसऱ्यांचे रक्त द्यावे लागते, त्यांच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत असणार. तेव्हा अशा रुग्णाचा रक्तरस आणि जगभरचे रक्तरस एकमेकांसमोर ठेवायचे आणि कोणाचे कोणाशी जुळते ते पाहायचे.

यासाठी काचपट्टीवर अगारचा पातळ थर देत. अगार म्हणजे समुद्रशेवाळापासून मिळणारा, खरवसासारखा थिजणारा पदार्थ. त्यात जवळजवळ दोन भोके पाडून एकात एक रक्तरस आणि दुसऱ्यात दुसरा घालत. दोन्ही द्रव थरातून हळूहळू पसरत जाऊन मध्ये भेटतात. प्रतिजन आणि त्याचे प्रतिपिंड समोरासमोर आले, तर त्यांचा साका बसून एक पांढुरकी रेघ उमटते. १९६३ साली ब्लूमबर्ग आणि हार्वी आल्टर यांना अशी एक रेघ दिसली. एका बाजूला हीमोफिलिया या रक्तस्रावाच्या रोगाने आजारी असलेल्या न्यूयॉर्कच्या रुग्णाचा रक्तरस होता, आणि दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाचा. त्या अज्ञात प्रथिनाला त्यांनी ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ असे नाव दिले.

हे प्रथिन जन्मजात असावे, असे आधी वाटत होते. पण १९६६ साली फिलाडेल्फियात निरीक्षणाखाली असलेल्या एका रुग्णाच्या रक्तात, जेथे पूर्वी ते नव्हते तेथे, ते एकाएकी दिसू लागले. डोळ्यांचा रंग काही मधेच बदलत नाही; मग जन्मजात गुण मधेच कसा उगवावा? तपास केला तेव्हा असे दिसले, की मधल्या काळात त्या रुग्णाला यकृताचा दाह होऊन गेला होता. पुढच्या वर्षी ब्लूमबर्ग यांच्याच प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञ महिलेला थकवा वाटू लागला, लघवी गडद होऊ लागली. तिने स्वतःच्याच रक्तरसाची चाचणी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो अगारवर पुसटशी रेघ! ती पुढे पूर्ण बरी झाली. ऑस्ट्रेलिया प्रतिजन आणि कावीळ यांचे नाते अशा रीतीने उघड झाले. ब्लूमबर्ग यांना १९७६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आता जागतिक हेपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

१९७० साली लंडनमध्ये डेव्हिड डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून खुद्द विषाणू दिसला. त्याचा व्यास सुमारे ४२ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या ४२ पट. ऑस्ट्रेलिया प्रतिजन हे या विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचे प्रथिन निघाले. म्हणून त्याला आता पृष्ठ-प्रतिजन म्हणतात; अहवालावर तुम्हाला ‘एचबीएसएजी’ अशी अक्षरे दिसतात ती त्याचीच. हा विषाणू आवरणाच्या बाबतीत मोठा उधळ्या आहे. स्वतःला लागेल त्याच्या हजारो पट जास्त आवरण तो बनवतो आणि त्याचे रिकामे, २२ नॅनोमीटरचे गोळे रक्तात सोडून देतो. चाचणीला हे सोयीचेच पडते. चोर एक आणि त्याने टाकलेल्या टोप्या हजार, मग पोलिसांनी टोप्याच का शोधू नयेत? मात्र टोपी सापडली म्हणजे चोर घरात आहेच, असे नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

रंग कसा उमटतो

अगारवरची रेघ दिसायला प्रतिजन भरपूर लागते. थोडे असले तर चाचणी ते पाहूच शकत नाही, आणि असे रक्त दिले गेले की घेणाऱ्याला कावीळ होते. म्हणून चाचणी अधिकाधिक तीक्ष्ण करण्याची धडपड सुरू झाली. रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिन मोजण्यासाठी किरणोत्सर्गी अणूंची खूण लावण्याची पद्धत शोधली होती. १९७०नंतरच्या दोन-तीन वर्षांत तीच कल्पना या प्रतिजनासाठी वापरात आली. १९७१ साली स्वीडनमध्ये एंगव्हाल आणि पेर्लमान यांनी किरणोत्सर्गी अणूच्या जागी विकर, म्हणजे एंझाइम, वापरून दाखवले. हीच ती ‘एलायझा’.

एलायझाची प्लास्टिकची पट्टी तुम्ही पाहिली तर ती छोट्या आप्पेपात्रासारखी दिसते. आठ ओळी, दर ओळीत बारा खळगे, एकूण ९६. प्रत्येक खळग्याच्या तळाला पृष्ठ-प्रतिजन पकडणारी प्रतिपिंडे आधीच चिकटवलेली असतात. त्यात तपासायचा रक्तरस घालतात. प्रतिजन असेल तर ते तळाला अडकून बसते. बाकीचे धुऊन टाकतात. मग त्याच प्रतिजनाला वरून चिकटणारे दुसरे प्रतिपिंड घालतात आणि त्याच्या शेपटीला विकर जोडलेले असते. मोहरीच्या कुळातील हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळातून हे विकर पहिल्यांदा वेगळे केले गेले. पुन्हा धुतात. शेवटी एक रंगहीन रसायन घालतात. विकर जेथे अडकले असेल तेथे ते निळे होते, आणि आम्लाचा थेंब टाकला की पिवळे. खाली एक प्रतिपिंड, मध्ये प्रतिजन, वर दुसरे प्रतिपिंड अशी ही रचना असल्यामुळे तिला सँडविच चाचणी म्हणतात.

रंग किती गडद झाला ते यंत्र मोजते, आणि ठरावीक सीमारेषेच्या वर आकडा गेला की ‘रिॲक्टिव्ह’ असे छापते. ही सीमारेषा निसर्गाने आखलेली नाही. ती माणसांनी ठरवली आहे. ती वर उचलली तर थोडे प्रतिजन असलेले रक्त निसटून जाईल. खाली आणली तर निरोगी माणसेही तिच्यात अडकतील. रक्तपेढीला तर पहिली चूक परवडतच नाही, कारण ती पिशवी कोणाच्या तरी शिरेत जाणार असते. भारतात प्रत्येक पिशवीची ही तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. म्हणून रेषा मुद्दाम खाली ठेवतात. पिशवी फेकून द्यायला शंका पुरते. माणसाला रोगी म्हणायला मात्र ती पुरत नाही. आणि नेमके हेच लोक विसरतात.

गिनीपिगचा घोटाळा

खोटा रंग येतो तरी कसा? काही कारणे अगदी क्षुल्लक असतात. रक्त नीट गोठायच्या आत नमुना घेतला तर त्यात तंतू राहतात, आणि त्यांत विकर अडकून बसते. शेजारच्या खळग्यातला थेंब उडतो. धुणे अपुरे होते. अशा चुका पुन्हा चाचणी केली की बहुधा नाहीशा होतात. म्हणूनच रिॲक्टिव्ह आलेला नमुना पुन्हा फिरवून, स्वच्छ करून, दोन खळग्यांत तपासण्याची पद्धत आहे.

पण काही चुका अशा, की दहा वेळा तपासले तरी दहाही वेळा तेच उत्तर. याचे सुरेख उदाहरण १९७०च्या दशकाच्या आरंभी मिळाले. त्या वेळच्या किरणोत्सर्गी चाचणीत खालचे आणि वरचे, दोन्ही प्रतिपिंडे गिनीपिगपासून मिळवलेली होती. काही दात्यांचे रक्त रिॲक्टिव्ह येई, पण त्यांच्यात विषाणूचा मागमूस नसे. शोध घेतला तेव्हा कळले, की या माणसांच्या रक्तात गिनीपिगच्या प्रथिनांविरुद्धच प्रतिपिंडे होती! ती एका हाताने खालचे गिनीपिग-प्रतिपिंड धरत आणि दुसऱ्या हाताने वरचे. मध्ये प्रतिजन नसतानाही सँडविच तयार. आता सांगा, अशा माणसाची चाचणी पुन्हा केली तर काय होईल? रंग पुन्हा येणार, तितकाच गडद. आज बहुतेक चाचण्यांत उंदराच्या पेशींपासून मिळवलेली प्रतिपिंडे असतात, आणि उंदराच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे बाळगणारी माणसेही आहेत. म्हणून उत्पादक चाचणीच्या द्रवात उंदराची साधी प्रथिने मुद्दाम मिसळतात. ती प्रतिपिंडे त्यांच्यातच गुंतून पडावीत, ही कल्पना. याने पुष्कळ काम भागते, सगळे नाही.

तेव्हा तीच चाचणी पुन्हा करणे म्हणजे त्याच साक्षीदाराला तोच प्रश्न पुन्हा विचारणे. उलटतपासणीला प्रश्न वेगळा हवा.

पंखा बंद करून पाहा

खोलीत घरघर ऐकू येत आहे. ती पंख्याची असावी, असा संशय आहे. काय कराल? पंखा बंद करून पाहाल. आवाज थांबला तर तो पंख्याचाच. चालूच राहिला तर पंखा निर्दोष.

हेपॅटायटिस बी ची निश्चितीची चाचणी याच तत्त्वावर चालते. तिला उदासिनीकरण चाचणी म्हणतात. आम्लात आम्लारी घातल्यावर आम्लाचा गुण जातो, हे तुम्ही शाळेत केलेच आहे. येथे प्रतिजनाचा गुण प्रतिपिंडाने घालवायचा. रिॲक्टिव्ह नमुन्याचे दोन भाग करतात. एकात या विषाणूविरुद्धची भरपूर मानवी प्रतिपिंडे घालतात. दुसऱ्यात तेवढाच, पण ती प्रतिपिंडे नसलेला द्रव घालतात. थोडा वेळ ठेवून दोन्हींची चाचणी शेजारी शेजारी करतात. नमुन्यात खरेच पृष्ठ-प्रतिजन असेल, तर पहिल्या भागात ते आधीच वेढले गेलेले असते. तळाला चिकटायला त्याला जागाच उरत नाही, आणि रंग उतरतो. रंग गिनीपिग-उंदरांच्या घोटाळ्यामुळे किंवा तंतूंमुळे आला असेल, तर त्या प्रतिपिंडांनी काहीच फरक पडत नाही.

समजा, रिकाम्या खळग्याचा आकडा ०.०५ येतो. एका नमुन्यात साधा भाग १.८० आणि प्रतिपिंड घातलेला भाग ०.१५ आला. म्हणजे १.७५ पैकी १.६५ इतका रंग गेला, शेकडा ९४. हे खरे प्रतिजन. दुसऱ्या नमुन्यात ०.४२ आणि ०.४० आले. ०.३७ पैकी फक्त ०.०२ गेले, शेकडा पाच. हा रंग विषाणूचा नव्हे. सर्वसाधारणपणे रंग निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरला तर निश्चिती झाली, असे धरतात.

पण ही चाचणीही अडखळते, आणि ती दोन्ही टोकांना अडखळते! ज्याच्या रक्तात प्रतिजन अतोनात आहे, त्याच्या नमुन्यात घातलेली सगळी प्रतिपिंडे संपून जातात आणि तरी प्रतिजन उरतेच. साधा भाग ३.२०, प्रतिपिंडाचा भाग ३.१०. रंग उतरला नाही, म्हणून घाईघाईने ‘खोटा रंग’ असा शेरा मारला, तर सर्वांत जास्त विषाणू बाळगणारा माणूसच निरोगी ठरेल! यावर उपाय म्हणजे नमुना शंभरपट, हजारपट पातळ करून पुन्हा पाहणे. पातळ केल्यावर तोच नमुना १.१० आणि ०.१० असे उत्तर देतो. दुसरे टोक सीमारेषेजवळचे. साध्या भागाचा आकडाच जेमतेम असेल, तर त्याचा निम्मा उतार आणि यंत्राची नेहमीची थरथर यांत फरक करता येत नाही. तेथे शहाणपणा एवढाच, की दोन-तीन आठवड्यांनी नवा नमुना घ्यावा. संसर्ग नुकताच झाला असेल तर प्रतिजन दर काही दिवसांनी दुप्पट होत जाते, आणि तेवढ्या अवधीत पुसट रंग गडद झालेला असतो.

दहा हजार माणसांचा हिशेब

एखादी चाचणी निरोगी हजार माणसांत ९९५ जणांना बरोबर निरोगी म्हणते आणि पाच जणांना चुकून रिॲक्टिव्ह ठरवते, असे माना. चांगली चाचणी झाली, नाही का? खरा रोगी ती कधीच चुकवत नाही, असेही सोयीसाठी धरू. आता वही-पेन्सिल घ्या.

भारतात शंभरांत साधारण दोन माणसांच्या शरीरात हा विषाणू आहे. (जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ साली जगात असे २५.४ कोटी लोक होते, आणि त्यांतले जवळजवळ तीन कोटी भारतात.) अशा दहा हजार माणसांची चाचणी केली तर खरे बाधित २००, निरोगी ९,८००. निरोगींतले हजारी पाच म्हणजे ४९ चुकून सापडतील. एकूण रिॲक्टिव्ह २४९, त्यांत खरे २००. पाचांत चार.

आता दुसरा गट घ्या. हजारांत एकच बाधित. लहानपणी लस मिळालेल्या, आधी चाळून घेतलेल्या दात्यांचा गट असा असू शकतो. दहा हजारांत खरे बाधित १०, निरोगी ९,९९०, त्यांतले चुकीचे सुमारे ५०. एकूण ६०, त्यांत खरे १०. सहांत एक! चाचणी तीच, प्रयोगशाळा तीच, तंत्रज्ञ तोच. तरी एका गटात ‘रिॲक्टिव्ह’ बहुतेक वेळा खरे, आणि दुसऱ्यात बहुतेक वेळा खोटे. हा निष्कर्ष पहिल्यांदा ऐकला की पटत नाही. हिशेब दोनदा करून पाहा.

या साठांवर उदासिनीकरण चाचणी केली आणि समजा तिने पन्नास खोट्यांतला एक चुकून पुढे जाऊ दिला, तर उरले ११, त्यांत खरे १०. दुसरी चाचणी पहिलीपेक्षा फार तीक्ष्ण आहे म्हणून हे होते असे नाही. तिचा प्रश्न वेगळा आहे, म्हणून होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत हाच हिशेब आहे. ज्या लोकसमूहात हजारी चार किंवा त्याहून अधिक माणसे बाधित असतील, तेथे एक चाचणी पुरेशी धरून सरळ पुढील तपासण्यांकडे वळावे. त्याहून कमी असतील तेथे उदासिनीकरणाने किंवा दुसऱ्या वेगळ्या चाचणीने निश्चिती करण्याचा विचार करावा. हजारी चार हा आकडा वरच्या हिशेबात घालून पाहा. दहा हजारांत खरे ४० आणि खोटे सुमारे ५०.

टोपी आहे, चोर नाही

आता टोप्यांची आठवण करा. निश्चितीची चाचणी ‘हे पृष्ठ-प्रतिजनच आहे’ एवढेच शपथेवर सांगते. ते रक्तात कोठून आले, हे तिला ठाऊक नसते.

हेपॅटायटिस बी ची लस म्हणजे तरी काय? तेच आवरण-प्रथिन. १९८१ सालची पहिली लस बाधित माणसांच्या रक्तद्रवातील रिकामे गोळे शुद्ध करून केली होती. १९८६पासून ते यीस्टच्या पेशींकडून बनवून घेतात. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली अशी भारतीय लस बाजारात आणली. लस टोचल्यावर काही दिवस, क्वचित दोन-तीन आठवडे, टोचलेले प्रथिन रक्तात सापडू शकते. अशा वेळी चाचणी रिॲक्टिव्ह येते. उदासिनीकरण केले तर रंग उतरतो. दोन्ही चाचण्या खरे बोलतात, आणि तरी माणसाला संसर्ग नाही! म्हणून तपासणीआधी ‘अलीकडे लस घेतली का?’ असे विचारणे हा काही रिकामपणाचा उद्योग नव्हे.

येथे आणखी साक्षीदार बोलवावे लागतात. विषाणूच्या आत गाभ्याचे एक वेगळे प्रथिन असते. खरा संसर्ग झाला तर शरीर त्या गाभ्याविरुद्धही प्रतिपिंडे बनवते, आणि ती पुढे वर्षानुवर्षे टिकतात. लशीत गाभा नसतोच. त्यामुळे केवळ लस घेतलेल्याच्या रक्तात ही प्रतिपिंडे येत नाहीत. त्यांतला पहिल्या काही महिन्यांत दिसणारा प्रकार असेल तर संसर्ग ताजा असल्याचे कळते. शिवाय विषाणूचे डीएनए प्रत्यक्ष मोजता येते. सहा महिन्यांनीही पृष्ठ-प्रतिजन रक्तात टिकून असेल तरच संसर्ग जुनाट झाला असे म्हणतात. प्रौढपणी संसर्ग झालेल्या शंभरांतल्या पाचांहून कमी जणांचा तो जुनाट होतो. जन्मतःच झालेल्या बाळांत मात्र नव्वदांचा. त्यामुळे विशीतल्या दात्याला हा संसर्ग बाळपणीच झाला की गेल्याच महिन्यात, यावर त्याचे पुढचे आयुष्य फार अवलंबून असते. आणि ते ‘रिॲक्टिव्ह’ या शब्दात कोठेच दिसत नाही. जुनाट संसर्ग असला तरी प्रत्येकाला औषध लागतेच असे नाही. लागणाऱ्यांसाठी विषाणूची वाढ रोखणाऱ्या गोळ्या आहेत, आणि २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात.

आणि जे निसटतात

आतापर्यंत निरोगी माणूस चुकून कसा अडकतो ते पाहिले. उलट बाजूही आहे. संसर्ग झाल्यावर पृष्ठ-प्रतिजन दिसू लागायला साधारण महिना लागतो. त्याआधी चाचणी कोरी येते. आजार ओसरताना प्रतिजन नाहीसे झालेले असते, पण त्याविरुद्धची प्रतिपिंडे अजून दिसू लागलेली नसतात. या मधल्या फटीत फक्त गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे साक्ष देतात.

विषाणू वेषांतरही करतो. १९९० साली इटलीतील एका बाळाची हकिगत प्रसिद्ध झाली. आई बाधित होती, बाळाला लस वेळेवर दिली होती, तरी त्याला संसर्ग झाला. त्याच्यातील विषाणूच्या पृष्ठ-प्रथिनात १४५ क्रमांकाच्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन हे ॲमिनो आम्ल होते. एवढ्या एका बदलाने प्रथिनाचा तो कोपरा असा वळला, की लशीने तयार झालेली प्रतिपिंडे तेथे नीट चिकटेनात. ज्या चाचणीत नेमका तोच कोपरा ओळखणारे एकच प्रतिपिंड असेल, तिला हा विषाणू दिसायचा नाही. म्हणून चांगल्या चाचण्यांत आता वेगवेगळे कोपरे पकडणारी प्रतिपिंडे एकत्र घालतात, आणि बाजारात आणण्याआधी त्या अशा बदललेल्या विषाणूंवर तपासून पाहतात.

काही रक्तपेढ्या याच्या जोडीला डीएनए शोधणारी चाचणी करतात. तिला आवरणाशी काही देणेघेणे नसते, त्यामुळे पहिल्या आठवड्यांची फट बरीच अरुंद होते. पण तीही तिच्या नळीत जेवढे येईल तेवढेच पाहते. साडेतीनशे मिलिलिटर रक्ताच्या पिशवीमागे तपासणीला जाते ते एखादा मिलिलिटर, किंवा त्याहूनही कमी.